बघून तपासलेली आवृत्ती

परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि कापलेल्या भाताचा वास आत आला. कासार आंबोलीतल्या आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक खाचर अजून शिल्लक आहे. दोन्हीकडे बंगले, मध्ये ते खाचर. त्याचा मालक ते विकत का नाही याची आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फार काळजी वाहिली जाते. मी त्या चर्चेत पडत नाही, कारण वर्षातले आठ दिवस मला तो वास घरबसल्या मिळतो. ओल्या धाटांचा, किंचित दुधाळ, ऊन चढलं की भाजक्या पोह्यांकडे झुकणारा. इतरांना त्या वासाने दिवाळी आठवत असेल. मला आवृत्ती आठवते.

आवृत्ती म्हणजे पुस्तकाची नव्हे. संगणकाचं बटण दाबल्यावर जी सगळ्यांच्या आधी जागी होते आणि मग घरातल्या मोठ्या सुनेसारखी बाकीच्यांना कामाला लावते, त्या प्रणालीची. बाजारातल्या अशा प्रणाली आतून बंद असतात. आमची उघडी आहे. कुणीही तिचा मूळ मजकूर वाचावा, त्यात बदल करावा, घरी न्यावी, शेजाऱ्याला द्यावी. ती करणारी माणसं दिवसभर हिंजवडीत नाहीतर आणखी कुठल्या शहरात नोकऱ्या करतात आणि उरलेल्या वेळात हा उद्योग करतात. वर्षातून दोन आवृत्त्या निघतात, एक चैत्राच्या सुमाराला आणि एक कार्तिकात. कार्तिकातल्या आवृत्तीची शेवटची आखणी नेमकी भातकापणीत येते. आमच्या आवृत्त्यांना नावंही भाताच्या वाणांची असतात. रायभोग झाली, इंद्रायणी झाली. ज्या हंगामाबद्दल मी सांगते आहे, त्या हंगामात आंबेमोहोर यायची होती.

माझं काम चाचणीचं. दुसऱ्याने जीव ओतून केलेल्या कामातल्या खोड्या काढायच्या. हा गुण मला आईकडून मिळाला. ती कुणाच्याही घरी जेवली की मीठ जरा कमी होतं एवढं सांगितल्याशिवाय पाटावरून उठत नाही. मी हेच काम बरीच वर्षं हिंजवडीतल्या एका कंपनीत पगार घेऊन केलं, मग एके दिवशी कॅबमध्ये दीड तास एकाच चौकात बसून राहिल्यावर ठरवलं की आता पुरे. कामं घरून घ्यायला लागले आणि घोटावड्याजवळच्या रिहे गावात बबननाना आणि हौसाकाकूंच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. आता आईचं दुखणंखुपणं वाढलं म्हणून पौड रस्त्याच्या जवळ यावं लागलं, पण रिह्यातली ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात शहाणी वर्षं होती असं मी अजून म्हणते.

त्या वर्षी आखणीच्या बैठका नानांच्या पडवीत होऊ लागल्या त्या केवळ रस्त्याच्या कृपेने. हिंजवडीत कुणाच्या तरी फ्लॅटवर भेटायचं ठरलं होतं आणि मेधा पहिल्या रविवारी वाहतुकीला कंटाळून उलट्या दिशेने निघाली. माण, घोटावडे असं करत थेट आमच्या अंगणात. मेधा म्हणजे आमच्या आवृत्तीची मुख्य. साताऱ्याची, बोलायला मोजकी, हसायला त्याहून मोजकी. तिच्या मागच्या सीटवर इरफान होता. तो मूळचा लखनौचा. पडद्यावर चित्र, अक्षरं, खिडक्या जे काही उमटतं ते उमटवणारा भाग तो लिहायचा. "यहाँ तो सोच भी सकते हैं," असं म्हणून तो पडवीतल्या बाजेवर बसला तो काकूंनी जेवायला हाक मारेपर्यंत उठला नाही. बाकीचे आठ-दहा जण ठिकठिकाणांहून फोनवर असायचे.

मेधाची आखणी बघण्यासारखी होती. फळा नाही, पडद्यावर रंगीत तक्ते नाहीत. तिने पडवीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांचा ताबा घेतला. तीन दोऱ्या. पहिली "नाही", दुसरी "बघू", तिसरी "करायचं". एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहून चिमट्याने दोरीला लावायची. काम पुरं होऊन तपासून झालं की चिठ्ठी उतरवून काकूंच्या सुपात टाकायची. आणि तिचा एक नियम होता. सुरुवात "नाही"पासून. या आवृत्तीत काय करणार नाही ते आधी सांगा. माणसं मोठ्या उमेदीने आलेली असायची, प्रत्येकाच्या पोटात एक लाडकं स्वप्न असायचं आणि ही बाई शांतपणे विचारायची, "यातलं काय सोडायचं?" पहिल्यांदा मला ते फार रुक्ष वाटलं. नंतर कळलं की आपण काय करणार नाही हे ज्याला सांगता येतं, त्याच्या "करतो"वर विसंबता येतं. मी इतकी वर्षं कंपनीत काढली, तिथे मला "नाही" म्हणणारा वरिष्ठ भेटला नव्हता. तिथे सगळंच व्हायचं असायचं, आणि शुक्रवारपर्यंत.

नाना दाराशी बसून ऐकायचे. जेवणं झाली की उठून दोऱ्यांवरून हात फिरवायचे, चिठ्ठ्या बोटांनी मोजायचे. "मेधाताई," एकदा म्हणाले, "ह्या मधल्या दोरीवर लई गर्दी हाय. कुनाला तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई वाटतं?" मेधा हसली. तिने त्या दोरीवरच्या निम्म्या चिठ्ठ्या तिथल्या तिथे "नाही"वर नेऊन टांगल्या.

नानांना दिसत नव्हतं. त्यांची भाताची गिरणी होती, रिह्याच्या खोऱ्यातलं अर्धं भात त्यांच्या हाताखालून जायचं. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही गेलं. गिरणी बंद झाली. दोन वर्षं हा माणूस पडवीत रेडिओ लावून बसला होता, असं काकू सांगायच्या, आणि सांगताना अजून त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी राहायला आले तेव्हा माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना आमची प्रणाली घालून दिली. तिच्यात एक पडदावाचक असतो. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो, तुम्ही कळ दाबली की कुठलं अक्षर उमटलं ते सांगतो. नाना त्याला पोपट म्हणायचे. चार महिन्यांत ते मराठीत टाइप करायला शिकले, तेही अशा वयात की ज्या वयात माझ्या ओळखीचे डोळस लोक मोबाइलचा पासवर्ड नातीला विचारतात.

आणि मग त्यांनी अर्ज लिहायला सुरुवात केली. तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीकडे, वीजवाल्यांकडे. खोऱ्यातली माणसं पडवीत यायची, आपलं गाऱ्हाणं सांगायची, नाना ऐकून घ्यायचे आणि तिसऱ्या मिनिटाला मधेच तोडायचे. "हे समदं ऱ्हाऊ द्या. तुमाला नक्की काय पायजे?" त्यांचा अर्ज दोन ओळींचा असायचा. तिसऱ्या वळीपासून सायब झोपतो, हा त्यांचा सिद्धान्त. मी आयुष्यभर अहवाल लिहिले, पण दोन ओळींत माणसाचं अख्खं दुखणं बसवण्याची ती हातोटी मला कधी साधली नाही. लोक म्हणायचे, नानांचा अर्ज वाया जात नाही. गेलाच असेल एखादा, पण असं लोकांना वाटतं ही काय लहान गोष्ट आहे?

बाहेर कापणी चालली होती. सकाळी दव असेपर्यंत विळा चालवायचा नाही, ऊन आलं की ओळीने वाकायचं, कापलेलं भात तिथेच पसरून वाळू द्यायचं, मग पेंढ्या बांधून खळ्यावर. झोडणीचा तो ठेका, धप, धप, आणि मध्येच एखादीचं हसू. आमच्या वाडीत सावड होती. आज सगळी घरं एकाच्या शेतात, उद्या सगळी दुसऱ्याच्या. इरफानने एका रविवारी हौसेने विळा मागितला आणि पाचव्या मिनिटाला बोट कापून घेतलं. काकूंनी दगडीपाला चोळून लावला आणि म्हणाल्या, "ह्यो हात टायपायचाच हाय."

मला मात्र तेव्हा उपमांची हौस फार. मी काकूंना म्हटलं, "काकू, तुमची सावड आणि आमचं काम एकच बघा. पैसे न घेता एकमेकांसाठी राबायचं. केवढं मोठं मन लागतं!"

काकू पेंढी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मन बिन काय न्हाई ओ ताई. आज मी कुनाच्या शेतात गेले न्हाई, तर उद्या माजं भात पावसात भिजल. आन एकाचं जरी शेत ऱ्हायलं ना, तर त्यो माणूस पुढल्या साली येत न्हाई. मंग सावडच मोडती." एवढं बोलून त्यांनी पेंढी माझ्या अंगावर टाकली, म्हणजे मी ती उचलून खळ्यावर न्यावी. मी नेली. माझं मोठ्या मनाचं व्याख्यान तिथेच संपलं.

आता माझ्या चुकीकडे येते. तिच्याकडे यायला मला आजही पाय ओढावे लागतात.

आंबेमोहोरची मोठी गोष्ट होती इरफानचं नवं काम. पडद्यावर सगळं उमटवणारी रचनाच त्याने नव्याने लिहिली होती, वर्षभर खपून. ती झपाट्याची होती आणि सुरक्षित होती. जुन्या रचनेत एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डोकावू शकायचा, तुम्ही काय टाइप करता ते चोरून ऐकू शकायचा. नव्या रचनेत ते बंद. लोक वर्षभर तिची वाट बघत होते. माझ्याकडे तपासायची लांबलचक यादी होती आणि तिच्यात एक ओळ होती, पडदावाचक.

मी तो तपासला. दुपारची वेळ होती, काकू सकाळभर राबून पलीकडच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, म्हणून मी आवाज बंद ठेवला. वाचकाची स्वतःची एक छोटी खिडकी असते, तो जे बोलतो ते तिच्यात लिहूनही येतं. मी त्या खिडकीत टाइप केलं, शब्द उमटले, बरोबर उमटले. मी चिठ्ठी उतरवली आणि सुपात टाकली. सगळं मिळून चार मिनिटं.

नाना म्हणाले, "तुमी तपासलंय न्हवं? मंग घाला माज्या मशीनवर. मीबी बगतो नवं काय ते." चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती मी सोमवारी सकाळी त्यांच्या लॅपटॉपवर चढवली आणि बँकेच्या कामाला पौडला निघून गेले.

परत आले तेव्हा साडेअकरा झाले होते. पडवीत डोंगरवाडीवरची ठकूबाई उभी होती. वाडीची विहिरीकडे जायची पायवाट एका नव्या फार्महाऊसच्या कुंपणात गेली होती, आणि त्या दिवशी मोठे साहेब ग्रामपंचायतीत येऊन एक वाजेपर्यंत बसणार होते. ती मजुरी बुडवून डोंगर उतरून आली होती. प्रिंटरमधून नुकताच कागद बाहेर येत होता; छापायची कळ कोपऱ्यातली, ती नानांना नुसती चाचपून सापडायची. नाना ताठ बसले होते.

"सकाळधरनं पोपट बोलंना झालाय," ते मला म्हणाले. "म्हटलं, आवाज गेला म्हणून काय झालं, बोटं हायत न्हवं. वाचा बरं एकदा हिला, मंग जाऊ दे."

मी कागद हातात घेतला. त्यावर वाचता येईल असा एकही शब्द नव्हता. नानांची बोटं एक कळ बाजूला सरकली होती. त्या जुन्या लॅपटॉपच्या कळांवरचे खुणेचे उंचवटे कधीच झिजले होते, त्यांची गरजही पडत नव्हती, कारण प्रत्येक अक्षर पोपट सांगायचा. आता सांगणारं कुणी नव्हतं आणि त्यांनी दोन ओळी, स्वच्छ, शब्दांमधल्या जागांसकट, दुसऱ्याच कुठल्या तरी भाषेत लिहिल्या होत्या. खाली नावाची ओळ, तारखेची ओळ, सगळं जागच्या जागी. ठकूबाईला वाचता येत नव्हतं. ती कागदाकडे कौतुकाने बघत होती.

मला वाचता येईना.

"काय झालं?" नाना म्हणाले. आणि लगेच, "चुकलंय व्हय?"

"हो."

"किती?"

"सगळं, नाना."

त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि तो न पाहिला असता तर बरं झालं असतं. रागाचा नव्हता तो. गिरणी बंद झाली त्या दिवशी असाच दिसला असेल. त्यांनी दोन्ही हात लॅपटॉपवरून काढून मांडीवर घेतले आणि म्हणाले, "तुमी लिवा. मी सांगतो." मी माझ्या मशीनवर लिहिलं, त्यांच्याच दोन ओळी. ठकूबाई कागद पदरात धरून धावली. अर्ज वेळेत पोचला, आणि पुढे त्या कुंपणाला एक फाटकही बसलं. पण त्या वेळी आम्हाला दोघांना ते कुठे माहीत होतं?

ती गेल्यावर नाना म्हणाले, "तुमी तपासलं व्हतं म्हणला."

"हो, तपासलं होतं."

"कसं?"

"बघून," मी म्हटलं.

"बघून?" ते खरोखर हसले. "वाचनारं यंत्र बघून तपासलं? ताई, हे म्हंजी कालवन कानाला लावून मीठ बगितल्यागत झालं."

दुपारभर बसून मी कारण शोधलं. चोरासाठी लावलेल्या कडीने घरचा माणूस बाहेर राहिला होता. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये डोकावायचं नाही हा नव्या रचनेचा नियम, आणि पडदावाचकाचं तर कामच डोकावण्याचं. स्वतःच्या खिडकीपुरता तो बोलत होता, बाहेर सगळीकडे ठार मुका. मी आवाज चालू ठेवून त्या खिडकीबाहेर पाऊल टाकलं असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. मी संध्याकाळपर्यंत नानांच्या मशीनवर जुनी आवृत्ती परत चढवून दिली. पोपट बोलू लागला, पण तो किती दिवसांचा? आंबेमोहोर निघाली की जुनीची देखभाल थांबणार होती, दोन्ही सांभाळण्याएवढी माणसं आमच्याकडे नव्हती. मग हळूहळू एकेक गोष्ट बंद पडत जाणार, आणि एक दिवस नाना पुन्हा रेडिओपाशी.

तारीख तीन आठवड्यांवर होती. आमची तारीख आजवर कधी चुकली नव्हती, आणि मेधाला त्याचा अभिमान होता.

रविवारी सकाळी सगळे जमले. अंगणात काकूंचं भात पसरलेलं, फोनवर बाकीचे, दोरीवर चिठ्ठ्या वाऱ्याने हलत होत्या. मी आदल्या दिवशी मनात भाषण जुळवलं होतं, ते काही आठवलं नाही. मी उठले, सुपात हात घातला, पडदावाचकाची चिठ्ठी शोधून काढली आणि परत "करायचं"च्या दोरीला लावली. "ही मी खोटी उतरवली होती," मी म्हटलं. मग सोमवारचं सगळं सांगितलं, कागदासकट.

मला वाटलं होतं आता कुणीतरी उसळेल. कंपनीत अशा वेळी पहिला प्रश्न असायचा, कुणामुळे. इथे मेधाने विचारलं, "याशिवाय अजून कुठल्या चिठ्ठ्या तू आवाज बंद ठेवून उतरवल्यास?" दोन होत्या. तिने त्याही सुपातून काढून दोरीला लावल्या. बस, एवढीच माझी शिक्षा. मला रडू आलं ते त्याचंच.

फोनवरून एक जण म्हणाला की पडदावाचक वापरणारे आपल्याकडे असतीलच किती, ते राहू देत पुढच्या आवृत्तीला. दुसरा म्हणाला, तारीख ढकला. नाना दाराशी बसून होते. इरफान उठला. त्याने चाचणीचा लॅपटॉप नानांच्या शेजारी नेऊन ठेवला, पडद्याचा उजेड पूर्ण घालवला आणि आवाज मोठा करून स्वतः टाइप करायला बसला. एक साधी फाइल उघडायची, तीन शब्द लिहायचे आणि जतन करायचे. आम्ही सगळे बघत होतो. त्याला दहा मिनिटं जमलं नाही. ज्या घराची वीट न् वीट त्याने रचली होती, त्या घरात तो धडपडत होता. कपाळावर घाम आला. शेवटी त्याने हात उचलले.

"नाना," तो म्हणाला, "मेरा काम ठीक है. फक्त तुमच्यासाठी बंद है." मग तो दोरीपाशी गेला, स्वतःच्या कामाची चिठ्ठी, वर्षभराची, "करायचं"वरून काढली आणि आपल्या हाताने "नाही"च्या दोरीला लावली. चिमटा नीट बसला नाही म्हणून पुन्हा लावला.

त्या क्षणी त्या मुलाबद्दल मला जे वाटलं ते लिहायला संकोच कशाला करू? मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. वर्षभराच्या मेहनतीला स्वतः "थांब" म्हणायचं, तेही कुणी सांगितलेलं नसताना, आणि दात ओठ न खाता. मेधाने वहीत नोंद केली आणि "पुढची चिठ्ठी" म्हणाली. तिचा आवाज मात्र रोजच्यासारखा नव्हता.

आंबेमोहोर ठरल्या तारखेला निघाली. तिच्यात नवीन असं काहीच नव्हतं, थोड्या दुरुस्त्या आणि पडद्यासाठी एक नवं चित्र. लोकांनी नावं ठेवली. सहा महिने झोपला होतात का, असंही एकाने लिहिलं. मेधाने जाहीर निवेदनात एवढंच लिहिलं की नवी रचना तयार आहे, पण अजून सगळ्यांसाठी तयार नाही. त्याच्या खाली मी माझी ओळ घातली, की अमुक चाचणी आवाज बंद ठेवून, डोळ्यांनी केली गेली, म्हणून ती चुकीची ठरली. खाली माझं नाव. ते तिथे अजून आहे, कुणीही वाचू शकतं. उघड्या कामाची ही एक गंमत आहे, तिथे माणसाच्या चुकाही उघड्यावर पडून राहतात आणि त्यांचं कुणी काही करत नाही.

मग थंडीभर इरफान दर शनिवारी सकाळी रिह्याला येत राहिला. नानांच्या शेजारी बसायचा, पडदा काळा करून. नाना त्याला शिकवायचे. कळांकडे तोंड वळवायचं न्हाई, कान द्यायचा. घाई केली तर पोपट बोलायच्या आधी तू पुढं जातूस. तो शिकला. घरच्या माणसाला ओळखून आत घेणारं एक दार त्याने त्या रचनेत बसवलं, तीनदा मोडलं, चौथ्यांदा बसवलं. त्यांचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मावळी, आणि काकूंच्या मते दोन्ही वाईट. मीही माझी सगळी चाचणी पहिल्यापासून केली. डोळ्यांना रुमाल बांधून बसायचे. पहिल्या दिवशी मला माझंच नाव लिहायला जमलं नाही.

आजही जेव्हा कुणी विचारतं की पैसे न मिळता ही माणसं का राबतात, तेव्हा मी मोठ्या मनाबद्दल काही बोलत नाही. काकूंनी ती सवय घालवली. मी फक्त त्या काळ्या पडद्यापुढे बसलेल्या दोघांचं सांगते, आणि ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजतं.

चैत्रात खाचरं मोकळी पडली होती, रोपांसाठी जमीन भाजतात त्या राबाचा धूर खोऱ्यात तरंगत होता. नवी रचना असलेली आवृत्ती निघायची होती आणि मेधाने ठरवलं की शेवटचा होकार या वेळी माझ्याकडून नाही, नानांकडून घ्यायचा. पडवीत आम्ही तिघं नानांच्या भोवती बसलो. नानांनी मशीन सुरू केलं. पोपट बोलला. त्यांनी एक अर्ज लिहिला, जतन केला, बंद केला, शोधून पुन्हा उघडला आणि वाचायला लावला. दोन ओळी, शब्द न् शब्द बरोबर. इरफानने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

आम्हाला वाटलं आता नाना काहीतरी भरल्या गळ्याने बोलतील. मेधाने तर डोळे पुसून ठेवले होते. नाना अर्धा तास नुसते कळा दाबत राहिले. कपाळाला आठ्या. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "ताई, कागद घ्या."

"कशाला?"

"चुका लिवायच्यात. जोडाक्षराला अडखळतंय, आकडे लई भराभरा म्हणतंय, आन ते जतन झालं की न्हाई ते सांगतच न्हाई. बारा-तेरा हायेत. अजून निगतील."

इरफानचा चेहरा पडला. काकू आतून म्हणाल्या, "अवो, पोरांनी येवढं फुकाट करून दिलं, आन तुमी खोड्या काडताय? धर्माची गाय आन दात का न्हाई?"

"धर्माची कुटली?" नाना म्हणाले. "धर्माची असती तर गप बसलो असतो. ही आपली हाय. आपल्या गाईचे दात मोजायचे न्हाईत, तर कुनाच्या मोजायचे?" आणि मग, जरा चिडूनच, "ताई, लिवताय न्हवं? पयली चूक..."

मी लिहायला घेतलं. तेवढ्यात समोर इरफान आपल्या लॅपटॉपचा पडदा काळा करून पहिल्या चुकीला भिडलाही होता.